घराला गाण्याच्या तालावर चालणारी लाइटिंग करायचीये, सुरुवात कुठून करू?

ओसरी:
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो, गेल्या वर्षी घर घेतलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका आजोबांचं घर आहे, डिसेंबरमध्ये तिथं रोज संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. अंगणात पाटी लावलेली असते, तिच्यावरच्या नंबरला गाडीतला रेडिओ लावायचा आणि समोर अख्खं घर त्या गाण्यावर चमकायला लागतं, एकेक खिडकी, झाडं, छपराची कड सगळं. माझी ७ वर्षांची लेक मागच्या सीटवरून म्हणाली की आई आपल्या दिवाळीला असं का नाही करत, आणि ते माझ्या डोक्यातून जाईचना.

तर यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हापासून नाताळ संपेपर्यंत चालेल असं काहीतरी करायचंय. एक रेडीमेड पट्टी आणून पाहिली, त्यात माइक आहे, "म्यूझिक मोड" म्हणून. पण ती दार आपटलं तरी चमकते, कुकरच्या शिट्टीला तर लाल होते, आणि गाण्यात सनई एकटी हळू वाजते तिथं नुसती अंधारात बसते. मला हवंय ते हे नाही.

मी अकाउंटिंगमधली, प्रोग्रॅमिंग येत नाही, सोल्डरिंग कधी केलेलं नाही. नवरा मदत करेल पण त्यालाही यातलं काही माहीत नाही. पुढच्या बाजूची छपराची कड साधारण ४५ फूट आहे आणि दोन खिडक्या. काय घ्यावं, किती खर्च येतो, आणि जूनमध्ये सुरू केलं तर दिवाळीपर्यंत होईल का?

गच्चीवरून:
होईल, नक्की होईल, आणि जूनमध्ये विचारलंत हे फार बरं केलंत. मी ह्यूस्टनला, सहा वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी फरक समजून घ्या. तुमची पट्टी आवाज ऐकते आणि त्याच क्षणी काहीतरी करते, पुढं काय येणार हे तिला ठाऊकच नसतं. त्या आजोबांकडे चाललंय ते उलट आहे, कोणत्या क्षणी कोणता दिवा कोणत्या रंगाचा हे सगळं आधीच बसून ठरवलेलं असतं आणि गाणं आणि ती फाइल बरोबर सुरू होतात. ते ठरवायचं सॉफ्टवेअर म्हणजे एक्सलाइट्स, फुकट आहे, विंडोज आणि मॅकवर चालतं. आजच उतरवून घ्या. घराचा फोटो त्यात टाकायचा, फोटोवर छपराची कड आणि खिडक्या आखायच्या, आणि एकही दिवा विकत न घेता स्क्रीनवर शो पाहता येतो. जून-जुलै त्यातच घालवा, प्रोग्रॅमिंग अजिबात लागत नाही, एक्सेलसारखे रकाने आहेत, अकाउंटिंगवाल्यांना उलट सोपं जाईल.

दिवे म्हणजे पिक्सेल. डब्ल्यूएस२८११ चिपचे, १२ मिलिमीटरचे गोळीसारखे, ५० ची माळ येते आणि प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा सांगता येतो. ४५ फुटांना तीन-चार इंचांवर एक लावला तर १३५ ते १८० लागतील, दोन खिडक्या धरून ३०० घ्या. ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन प्रकार मिळतात, तुम्ही १२ घ्या आणि सगळं १२ चंच घ्या. ५ ची माळ चुकून १२ वर लागली की पिक्सेल जळतात, दोन्ही प्रकार घरात असले की ही चूक कधीतरी होतेच.

आता हे १२ का ते सांगतो कारण माझं पहिलं वर्ष यातच गेलं. मी ५ व्होल्टच्या चार माळा एकापुढे एक जोडल्या आणि एकाच टोकाकडून करंट दिला. अंगणात उभा राहून सगळे पांढरे लावले तर पहिली माळ दुधासारखी पांढरी, दुसरी पिवळट, तिसरी केशरी आणि चौथीचं टोक तांबडं. मला वाटलं माल खराब आला. मल्टिमीटर लावला तर शेवटच्या पिक्सेलवर ३ व्होल्टच्या आसपास पोचत होतं. निळ्या आणि हिरव्या एलईडीला पेटायला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी विझतात आणि लाल तेवढा उरतो. उपाय एवढाच की मधे मधे पॉवर सप्लायमधून थेट जाड वायर आणून पुन्हा करंट द्यायचा, यालाच पॉवर इंजेक्शन म्हणतात. १२ मध्ये ब्राइटनेस ३० टक्के ठेवला तर साधारण दर १०० पिक्सेलना एकदा दिलं की भागतं, आणि ३० टक्के पुरतोच, १०० टक्क्यांनी समोरच्यांच्या बेडरूममध्ये दिवस उगवेल. दोन वेगळे सप्लाय वापरलेत तर त्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडा, पॉझिटिव्ह मात्र कधीच नाही.

डेटा एकाच दिशेनं जातो हे लक्षात ठेवा, माळेचं एक तोंड आत यायचं आणि एक बाहेर जायचं. उलट लावली तर काहीच पेटत नाही आणि माणूस दोन तास कंट्रोलरला दोष देत बसतो.

कंट्रोलर म्हणजे पिक्सेलना हुकूम देणारा बोर्ड, तो ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा तयार घ्या, त्यात डब्ल्यूएलईडी नावाचं फुकट फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, चालतं. नुसता सुटा ईएसपी३२ घेऊ नका, त्याचा डेटा ३.३ व्होल्टचा असतो आणि पिक्सेलला ५ च्या जवळचा हवा, तयार बोर्डावर तो वाढवणारा लेव्हल शिफ्टर बसवलेला असतो. लॅन केबलची सोय असलेला मिळाला तर तोच घ्या, वायफायवर मधेच दिवे अडखळतात आणि ते गाण्यात लगेच दिसतं. रोजचा शो चालवायला रास्पबेरी पाय नावाचा छोटासा कॉम्प्युटर, त्यावर फाल्कन प्लेअर म्हणजे एफपीपी हे सॉफ्टवेअर टाकायचं. एक्सलाइट्समधली तयार फाइल आणि गाणं त्यात चढवायचं, वेळ लावून द्यायची, मग लॅपटॉप लागत नाही. यंदा १ नोव्हेंबरला घड्याळं मागे जातायत, दिवाळीत साडेपाचलाच सूर्य मावळतो, पोरं झोपायच्या आत सगळं बघून होतं, भारतातल्यापेक्षा हा एक मोठा फायदा.

माझा पहिला खर्च ३०० पिक्सेलना ३०० डॉलरच्या आत झाला, रास्पबेरी पाय घरात पडून होता तो सोडून. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल पाऊण वॅटपर्यंत खातो, ३०० चे सव्वादोनशे वॅट, म्हणून ३५० वॅटचा सप्लाय घ्या, काठोकाठ भरायचा नाही. विजेचं बिल म्हणाल तर प्रत्यक्षात १०० वॅटही जात नाहीत, रोज ५ तास ५० दिवस चालवलं तरी २५ युनिट.

आणि सप्लाय बाहेर ठेवायचा तर झाकणबंद डब्यात, वायरी खालच्या बाजूनं आत घ्यायच्या आणि आत जाण्याआधी प्रत्येक वायरीला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. मी एका वर्षी झोळ दिला नव्हता. धनत्रयोदशीला पाऊस आला, पाणी वायरीवरून ओघळत डब्यात गेलं आणि जीएफसीआयनं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या प्लगनं, ट्रिप केलं, पाहुणे अंगणात आणि घर काळं. ते ट्रिप झालं म्हणून कुणाला शॉक बसला नाही. बाहेरचा प्लग जीएफसीआयचाच हवा, ट्रिप होतो म्हणून साध्या प्लगला जोडायचं नाही.

ओसरी:
बापरे किती मनापासून लिहिलंत, खूप आभार. मी लगेच एक्सलाइट्स उतरवलं आणि घराचा फोटो टाकून कड आखली, लेक शेजारी बसून रंग सांगत होती. पण गाण्यात अडकले. दिवाळीला ढोलताशा आणि एक सनई असं हवंय. सॉफ्टवेअरला बीट शोधायला सांगितले तर ढोलावर अर्ध्यानंतर खुणा भलतीकडेच जायला लागल्या. माझं काही चुकतंय का?

समेवर:
तुमचं काही चुकत नाहीये. मी न्यू जर्सीत तबला शिकवतो आणि चार वर्षं घरची लाइटिंग करतो, हा भाग माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

ती आपोआप बीट शोधणारी सोय एका लयीत चालणाऱ्या, चार-चार बीटच्या गाण्यांवर चांगली चालते. आपलं पथक सुरू होतं एका लयीत आणि संपतं कितीतरी चढ्या लयीत, आणि मधे ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची झरझर सर, आली की त्या सोयीला प्रत्येक काडी म्हणजे बीट वाटते. तेव्हा खुणा हातानं द्या. गाणं लावायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि ठोक्याला कळ दाबायची, दोन-तीनदा केलं की हात बसतो. खुणांच्या तीन वेगळ्या ओळी करा, एक ढोलाच्या टोलाची म्हणजे जड ठोक्याची, एक टिपरूची म्हणजे ढोलावरच्या काठीची, एक ताशाची. मग टोलाला अख्खी कड एकदम, टिपरूला फक्त खिडक्या आणि तर्रीला कडेवरून पळणारी बारीक ठिणगी. बघणाऱ्याला काहीही न सांगता कळतं की कोणता दिवा कोणतं वाद्य आहे, माझ्या मते सगळी मजा तिथंच आहे.

एक तांत्रिक गोष्ट, एक्सलाइट्समध्ये नवीन सीक्वेन्स, म्हणजे एका गाण्याची दिव्यांची फाइल, उघडताना दर चित्राचा वेळ विचारतात त्यात २५ मिलिसेकंद घ्या, ५० नको. ५० ला सेकंदाला २० च चित्रं होतात आणि तर्री त्यात सांडते. २५ ला कंट्रोलरच्या एका पोर्टवर साधारण ८०० पिक्सेलच चालतात पण तुमचे तर ३०० च आहेत.

पुढं कधी भजन किंवा अभंग घ्याल तर ताल आधी ओळखा. भजनी ठेका, केरवा ८ मात्रांचे, ते चाराच्या हिशोबात बसतात. दादरा ६ चा, रूपक ७ चा, तिथं चार-चारचे गट केले तर लाइट आणि गाणं दोन आवर्तनांतच फारकत घेतात. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथं येते तिथं जाड खूण करा आणि मोठा बदल, म्हणजे रंग बदलणं किंवा दिशा बदलणं, समेवरच करा.

सनईला तर खुणा जवळजवळ लावूच नका. तिथं ठोका नाही, श्वास आहे. एकच रंग, केशरी किंवा पणतीसारखा पिवळा, सुरासोबत हळूहळू उजळू द्या आणि मींड उतरली की उतरू द्या. तुमच्या पट्टीनं सनईला अंधार केला म्हणालात ना, तिथं माणसाचा कान लागतो.

घंटाघर:
पुण्यातून लिहितोय, आमच्याकडे फ्लॅट, त्यामुळे गॅलरीच्या ग्रिलवर १०० पिक्सेल आणि गणपतीच्या मखरामागे ५०. सामान तपकीर गल्लीतून घेतलं, मुंबईवाल्यांना लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड आहेच. इथं करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. मेन्स २३० व्होल्टची आहे, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या मगच बाहेर माळा सोडा. आणि तिकडे गाडीत एफएमवर ऐकतात तसं इथं करू नका, परवान्याशिवाय एफएमवर काही सोडता येत नाही. आम्ही छोटा स्पीकर लावतो, रात्री १० ला बंद. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शेजारच्या आजी आजारी असल्या तर मर्यादेच्या आत सुद्धा आवाज खालीच ठेवावा. दिव्यांचे आकार, पणती वगैरे कापायला सनपॅक शीट झकास, कटरनं कापा, ड्रिलनं भोकं पाडा, मागून पिक्सेल दाबून बसवले की घट्ट बसतात.

पारिजातक:
शेजाऱ्यांचं आधी बघा असं मी सांगेन. २००५ मध्ये ओहायोतल्या मेसन गावातल्या कार्सन विल्यम्स या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या घराचा व्हिडिओ जगभर फिरला होता, १६ हजार दिवे, आणि गाणं गाडीतल्या रेडिओवर ऐकायचं म्हणजे शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नाही. तरी बघायला इतक्या गाड्या यायला लागल्या की जवळ अपघात झाला तेव्हा पोलिसांना पोचायला अडचण झाली आणि विल्यम्सनी शो बंद केला. तुमच्याकडे एवढी गर्दी लगेच होणार नाही, पण एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचा, त्यात दिवे कधी लावायचे आणि कधी काढायचे ते लिहिलेलं असतं. आमच्याकडे फक्त थँक्सगिव्हिंगनंतर परवानगी होती, मी दिवाळीबद्दल एक पानाचं पत्र दिलं, फराळाचा डबा घेऊन मीटिंगला गेले आणि त्यांनी नियमात दिवाळी घातली. आता समोरची बाई मला आधी विचारते की यंदा कधी आहे.

एफएम ट्रान्समीटर कमी ताकदीचाच घ्या, अमेरिकेत विनापरवाना जेवढं चालतं ते साधारण २०० फुटांपर्यंतच पोचतं, तुमच्या रस्त्याला पुष्कळ झालं.

आणि शिडी. पिक्सेल एकेक करून वर चढून लावू नका. जमिनीवर ८-८ फुटांच्या पट्ट्यांत सगळे बसवा, तिथंच पेटवून बघा, आणि मग पट्टी उचलून वर क्लिपात अडकवा. खाली एकजण शिडी धरायला हवाच.

गच्चीवरून:
शिडीबद्दल +१००. आणि समेवर यांनी लिहिलंय ते मी वहीत उतरवून घेतलं, सहा वर्षं टोल आणि टिपरू एकाच ओळीत घालत होतो.

ओसरी ताई, एक विनंती, पहिल्या वर्षी एकच ढोलाचं आणि एकच सनईचं करा. माझं ३ मिनिटांचं पहिलं गाणं २० तास खाऊन गेलं होतं. उरलेल्या वेळात नुसती केशरी कड शांत पेटती ठेवा, दिवाळीला ती फार सुंदर दिसते. आणि सप्टेंबरच्या शेवटापर्यंत सगळं अंगणात मांडून पेटवून बघा, एखादी माळ मेलेली निघाली तर बदलून यायला वेळ हवा.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन कड मोजली, ४७ फूट निघाली. १२ व्होल्टच्या सात माळा मागवल्या, एक जास्तीची. एचओएला मेल टाकलाय. ढोलाच्या खुणांचं काम लेकीकडे आहे, ती टोल आला की टेबलावर हात मारते आणि मी कळ दाबते, पहिल्या मिनिटाच्या खुणा झाल्या. तिसऱ्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा स्क्रीनवरची कड आणि ढोल बरोबर एकत्र आले आणि ती खुर्चीवरून उतरून नाचायला लागली.

गच्चीवरून, एक शंका राहिली. इंजेक्शनची वायर किती जाड घेऊ? सप्लाय गॅरेजमध्ये ठेवला तर सर्वात लांबचं टोक ५० फुटांवर येतंय.

गच्चीवरून:
१४ गेजची तांब्याची घ्या, १८ ची नको, ५० फुटांत ती बरंच व्होल्टेज खाईल. आणि जमलं तर सप्लाय कडेच्या मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे २५-२५ फूटच राहतात. प्रत्येक इंजेक्शनला फ्यूज लावा. माळा आल्या की बसवायच्या आधी सगळ्या पांढऱ्यावर पेटवून फोटो टाका, शेवटचं टोक कोणत्या रंगाचं दिसतंय त्यावरून मी सांगेन.