अनुभव धागा: आधी इतिहास हाताने केला, मग मुलांनी काय लिहिलं?

खडूफळा

चौथीला शिवछत्रपती, पाचवीला एकदम अश्मयुगापासून सुरुवात. पुस्तकं वाईट नाहीयेत हो, पण स्वाध्याय आला की मुलं गाईड उघडतात आणि चाळीस वह्यांत एकच उत्तर येतं. म्हणून मी वर्गात आधी काहीतरी करायला लावते आणि लिखाण त्याच्या मागून. तुम्हीही असं काही केलं असेल, किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत झालं असेल, तर इथे लिहा. एकच विनंती, नुसते प्रदर्शनाचे फोटो नकोत, ते व्हॉट्सॅपवर ढिगाने येतात. पोरांनी शेवटी कागदावर काय उतरवलं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. महाराजांच्या पत्रावर दोन शिक्के असायचे. वर अष्टकोनी मुद्रा, ती ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’वाली सगळ्यांना पाठ असते. पण पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का, म्हणजे मजकूर इथे संपला, याच्या खाली कुणी काही घुसडायचं नाही, हे मुलांना माहीत नसतं. अर्धे बटाटे, टूथपिक, पोस्टर कलर एवढ्यावर शिक्के केले. पहिले सगळे ठसे उलटे उमटले, ‘म’ भलतीकडे तोंड करून. मग एक मुलगी घरून आरसा घेऊन आली आणि त्यात बघून कोरायला लागली, मी सांगितलं नव्हतं.

नंतर मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं होतं. एकाने लिहिलं, मधली सुट्टी वाढवावी, खाली शिक्का. शेजारच्याने गुपचूप त्याखाली पेन्सिलीने जोडलं, ‘आणि गृहपाठ बंद करावा’. वर्गात गदारोळ! ‘बाई, ते शिक्क्याच्या खाली आहे, खोटं आहे, धरू नका!’ अस्सल पत्र आणि बनावट पत्र हा विषय मी कॉलेजात शिकले, ही पोरं बटाट्यावर शिकली.

माणदेशी मास्तर

मस्त धागा ताई. आमची जिल्हा परिषदेची शाळा, साहित्याच्या नावानं बोंब, पण गावात म्हातारी माणसं आहेत हेच आमचं साहित्य. पाचवीच्या पोरांना बहात्तरच्या दुष्काळावर घरोघरी मुलाखती घ्यायला पाठवतो.

पहिल्या फेरीत पोरं ‘दुष्काळ कसा होता?’ असं विचारून आली. उत्तर, ‘लई वाईट.’ संपलं. मग वर्गात बसून प्रश्न बदलले. सकाळी काय खाल्लं? खडी फोडताना हाताला काय गुंडाळायचा? जनावरांचं काय केलं? आता मात्र धबधबा सुरू झाला. कामावर मिळणारी सुकडी, परदेशातनं आलेली लाल मिलो ज्वारी आणि तिची भाकरी कशी थापायला यायची नाही, लेकरू झाडाच्या सावलीला झोपवून पाटी उचलणारी बाई. दोन आज्ज्यांचं जमलं नाही, एक म्हणे मिलो वाईट, दुसरी म्हणे तीच होती म्हणून जगलो. पोरं मला विचारतात खरं कोण बोलतंय. मी म्हटलं दोघींचं लिहा, नाव घालून लिहा.

एका पोराचं लिखाण जसंच्या तसं देतो: ‘आमच्या तळ्याचा बांध आजीनं घातलाय. ती म्हणती, “पाटी उचलून डोस्क्याची केसं गेली.” मी त्या तळ्यात पवतो.’

साहेब तपासणीला आले तर म्हणाले शुद्धलेखन बघा की गुरुजी. आम्ही ठरवलंय, आजीचं बोलणं अवतरणात, त्याला लाल पेन लावायचा नाही. पोराचं स्वतःचं वाक्य असेल तर सुधारायचं. ‘पवतो’चं मात्र ‘पोहतो’ करायला माझं मन झालं नाही, काय म्हणायचं ते म्हणा.

बे एरियाची काकू

इकडचं थोडं वेगळं. कॅलिफोर्नियात चौथीला ‘मिशन प्रोजेक्ट’ म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीच्या किल्ल्यासारखंच प्रकरण होतं. स्पॅनिश पाद्र्यांनी 1769 पासून 1823 पर्यंत सॅन डिएगो ते सोनोमा अशी 21 मिशनं, म्हणजे धर्मप्रसाराची ठाणी, उभारली, त्यातलं एक निवडून मॉडेल करायचं. माझ्या मोठ्याच्या वेळी दुकानात तयार किट मिळायचे, पुठ्ठा चिकटवा, घंटा लावा, कारंजं ठेवा, झालं. तिथे राबणारी माणसं कुठेच नाहीत! 2016 मध्ये राज्याने अभ्यासक्रमाची नवी चौकट आणली, तिच्यात असली मॉडेलं करून काही साधत नाही असंच सुचवलंय, तरी काही शाळांत अजून चालतं म्हणे.

धाकटीच्या बाईंनी ते सोडून विटा करायला लावल्या. माती, गवत, पाणी, दुधाचा रिकामा खोका हा साचा. मी नाशिकला बाबांना व्हिडिओ कॉल लावला तर ते सुरूच झाले, भुसा घाल, शेण घाल, उन्हात लगेच ठेवू नकोस तडकेल. वीट जड झाली, वाळता वाळेना, आणि मग बाईंनी विचारलं की फ्रीमॉन्टच्या मिशन सॅन होजेच्या भिंती कोणी रचल्या? ते 1797 मध्ये सुरू झालं, ओलोनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, आणि बांधकाम त्यांच्याच अंगावर. लेकीने इंग्रजीत लिहिलं त्याचा भावार्थ असा की, फादरचं नाव पाटीवर आहे, पण त्यांच्या हाताला चिखल लागला असेल असं मला वाटत नाही. किटमधून हे वाक्य आलं नसतं.

नाव_नको

वरचं वाचून छान वाटलं पण आमच्याकडे प्रोजेक्ट म्हणजे बाबांचं काम. रविवारी रात्री नऊला कळतं की उद्या रायगड न्यायचाय. थर्माकोलवर बंदी आली तर आता फोम शीट, आणि स्टेशनरीवाला आयता किल्ला विकतो, दरवाजासकट. मुलाला विचारलं गडावर पाणी कुठून यायचं, तर म्हणे नळ. मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, आज्ञापत्रात, आधी पाणी बघा मग किल्ला बांधा असं सांगितलंय, शाळेने तेवढं एक टाकं खणायला लावलं तरी चालेल हो.

लंडनकर

@नाव_नको, हाहा, नळ भारी!

इथे दुसरीला लंडनची मोठी आग असते, सप्टेंबर 1666, पुडिंग लेनच्या बेकरीतून लागलेली. मुलं पुठ्ठ्याची घरं करतात, एकमेकांना खेटून ओळीत ठेवतात, आणि अग्निशमनवाल्यांना बोलावून मैदानात खरोखर पेटवतात. वारा कुठून आहे, मधलं घर काढलं तर आग थांबते का, हे डोळ्यांसमोर दिसतं, कारण तेव्हाही घरं पाडूनच आग अडवायचे. मग रोजनिशी लिहायची. त्या काळी लंडनमध्ये रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युअल पेपिसने आगीच्या भीतीने वाईन आणि पार्मेझान चीज बागेत पुरलं होतं हे ऐकून माझा मुलगा खूश. त्याने लिहिलं, ‘मी आजीच्या चकल्या पुरीन. आयपॅड नाही, माती जाईल.’

एक तक्रार आहेच. रोजनिशीचा कागद चहात बुडवून, कडा जाळून जुना करतात. अरे, 1666 मध्ये तो कागद नवाच होता ना! मुलांना वाटतं जुन्या काळी सगळं पिवळं होतं.

निवृत्त मास्तर

लंडनकर, चहाच्या कागदाबद्दल अगदी सहमत. त्यापेक्षा बोरूची लेखणी द्या हातात. मी नोकरीत असताना चौथीला करायचो. बोरूचं टोक तिरकं छाटून मध्ये बारीक चीर, शाई म्हणजे काजळ, डिंक, पाणी. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. पोरांना मोडी काही लगेच येत नाही, नाव लिहिता आलं तरी पुष्कळ. बाकी पत्र बाळबोधीतच, म्हणजे देवनागरीत, पण बोरूनेच.

एरवी पानभर पाल्हाळ लावणारी मुलं चार ओळीत पत्र संपवायला लागली. दर दोन-तीन शब्दांनी बुडवायचं म्हटल्यावर एक जण म्हणाला, ‘गुरुजी, फालतू शब्द परवडत नाहीत.’ आणि खाडाखोड करता येत नाही, त्यामुळे वाक्य आधी तोंडाने म्हणून बघायची. ओल्या शाईवर वाळू टाकायला तर रांग.

खडूफळा

गुरुजी, हे मला जूनमध्ये करायचंच आहे. डिंक किती घालायचा?

निवृत्त मास्तर

बेताने. जास्त झाला तर वहीची पानं एकमेकांना चिकटतात आणि आया भांडायला येतात. डावखुऱ्या मुलांना कागद उजवीकडे कलता ठेवायला सांगा, नाहीतर सगळं मनगटाला. बोरू कापायचं काम मात्र तुम्ही स्वतः करा, चाकू पोरांच्या हाती नको. बाकी व्यक्तिगत निरोपात लिहितो.