गरम झाल्यावर गाडी उठत नाही, कोड पी०३३५. क्रँक सेन्सर बदलू की आधी तपासू?

पारोळा_रोड

राम राम मंडळी. गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१२ ची, १ लाख १८ हजार किमी झालेली. सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. सकाळी पहिल्या सेल्फला उठते. दुपारी उन्हाची जळगावहून धुळ्याकडे निघालो आणि पारोळ्याला दहा-पंधरा मिनिटं थांबलो की मग उठत नाही. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काहीच झालं नसल्यासारखी चालू होते. दोनदा चालता चालता बंद पडली, एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर. दोन्ही वेळा आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला. स्कॅनरवर पी०३३५ आहे. गॅरेजमध्ये म्हणतात सेन्सर बदलून टाका. लोकल आणि कंपनीच्या मालात तिप्पट फरक सांगतात. सेन्सर नेमका कुठे असतो, घरी मल्टिमीटरने कसा तपासायचा आणि कोणता घ्यायचा, एवढं सांगा.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

दादा, लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालं. गॅसवरही बंद पडली म्हणजे पेट्रोल पंपावरचा संशय जवळपास गेला. शिवाय पंप दमला की गाडी आधी झटके देते, मिसिंग करते, काटा हळूहळू खाली येतो. काटा एका क्षणात शून्यावर येणं म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतोय हेच कळेनासं झालं. मग तो प्लगला करंटही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही.

पण पी०३३५ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून सिग्नल येत नाही, एवढंच तो कोड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, कप्लर आहे, वायर आहे, क्रँकवरची दात असलेली चकती आहे आणि ईसीयूही आहे. कोड वाचून सेन्सर बदलला आणि दोष वायरमध्ये निघाला, तर पैसे जातात आणि गाडी पुन्हा घाटात उभी राहते.

थांबल्यावरच का होतं, तेही लक्षात घ्या. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं आणि ब्लॉकची उष्णता आजूबाजूच्या भागांत भिनत जाते. पहिली दहा-वीस मिनिटं सेन्सर आणि त्याची वायर चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात, त्यामुळे थंड हवेत वर्षभर लपून राहणारा दोष इथे उन्हाळ्यात उघडा पडतो.

जागा तीनपैकी एक असते. क्रँक पुलीच्या मागे टायमिंग कव्हरजवळ, गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडतो त्या बेल हाउसिंगवर फ्लायव्हीलकडे तोंड करून, किंवा ब्लॉकच्या अंगाला खाली, बऱ्याचदा स्टार्टरच्या आसपास. अंगठ्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, एकच बोल्ट, दोन किंवा तीन वायरी. वर हेडवर सहज हाताला लागतो तो कॅम सेन्सर. दोन्हींत गल्लत फार होते. कॅम सेन्सरचा कोड पी०३४० असतो आणि तो गेला तरी बऱ्याच गाड्या जास्त सेल्फ खाऊन चालू होतात.

तपासणीची सुरुवात स्कॅनरवर करा. गाडी उठत नसेल नेमकं तेव्हा लाइव्ह डेटामध्ये आरपीएम लावा आणि सेल्फ मारा. १५० ते २५० च्या दरम्यान आकडा दिसला तर क्रँकचा सिग्नल येतोय, दोष दुसरीकडे शोधा. शून्यच राहिला तर पुढे वाचा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेजही बघा. तो ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी. इंजिन हळू फिरलं की दोन वायरींच्या सेन्सरचा सिग्नलही कमजोर पडतो.

आता सेन्सरचा प्रकार. दोन पिना असतील तर बहुतेक चुंबक-कॉइलवाला. तीन असतील तर बहुतेक हॉल (बाहेरून व्होल्टेज घेऊन चालणारा). ‘बहुतेक’ म्हणतो, कारण काही कॉइलवाल्यांनाही तिसरी पिन शील्डची (गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची) असते. खात्री करायची तर कप्लर काढून, चावी ऑन ठेवून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने मोजा. एका वायरीत ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा, एक अर्थ आणि एक सिग्नल असं मिळालं तर हॉल. हॉल सेन्सरला ओहम मोजू नका. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, आकडा काहीच सांगत नाही आणि सेन्सरला इजा होऊ शकते. बल्बची टेस्ट लॅम्पही ईसीयूच्या वायरीला लावायची नाही.

कॉइलवाल्याला ओहम मोजा. गाडीप्रमाणे २०० ते १५०० मध्ये कुठेही असू शकतो, ५०० ते ९०० हा नेहमीचा पट्टा. पक्का आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. प्रत्येक पिन ते सेन्सरची धातूची बॉडी मोजलं तर मीटरने काहीच दाखवायला नको. मग मीटर एसी व्होल्टवर घ्या, दोन्ही पिनांवर टोकं लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर ठीक, ०.२ च्या खाली असेल तर सेन्सर किंवा त्याचं टोक आणि चकतीचे दात यांतलं अंतर यावर संशय घ्या.

हीच मोजणी गरम असताना करा. थंड सेन्सर ८०० ओहम दाखवतो आणि सगळे म्हणतात चांगला आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशाला ८०० असेल तर ९५ अंशाला हजाराच्या थोडा वर जायलाच हवा. तो दोष नव्हे. आकडा उड्या मारू लागला किंवा मीटर एकदम उघडं दाखवू लागलं, तर आतली तार तुटली आहे. इंजिनवर जमत नसेल तर सेन्सर काढून हेअर ड्रायरने तापवत मोजा. हीट गन किंवा ज्योत नको, प्लास्टिक वितळतं.

हॉलवाल्याला चावी ऑन ठेवून सिग्नलच्या वायरीत कप्लरच्या मागून पिन घाला, गिअर न्यूट्रल, इग्निशन कॉइलचे आणि इंजेक्टरचे कप्लर काढलेले, आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवा. एकेक दात समोरून जाताना मीटरवर व्होल्टेज वर-खाली, वर-खाली झालं पाहिजे. स्पार्क प्लग काढलेत तर हाताला हलकं जातं.

साक्री_नाका

वरच्या भाऊंचं सगळं बरोबर. माझं एक वेगळं मत: ओहमवर फार विसंबू नका. आतलं चुंबक तडकलं असेल तर ओहम अगदी बरोबर येतो आणि सिग्नल निम्मा होतो. एसी व्होल्टची तपासणी जास्त खरी.

सेन्सर बदलायचीच वेळ आली तर असं करा. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. खालून काम असेल तर मागच्या चाकांना अडण आणि गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. कप्लरचं कुलूप दाबूनच काढा, वायर धरून ओढू नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. बोल्ट बहुतेक १० नंबरचा. गंजला असेल तर तेल मारून वीस मिनिटं थांबा. सेन्सर ओ-रिंगमुळे घट्ट बसलेला असतो, तो डावी-उजवीकडे फिरवत बाहेर घ्या. पेचकसाने उचकटला तर टोक आत तुटतं, आणि बेल हाउसिंगमध्ये तुकडा पडला तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

जुन्याचं टोक नीट बघा. लोखंडाचा बारीक भुसा चिकटला असेल तर तो चुंबकानेच ओढलेला असतो. पुसून टाका, पण तो रिंग गिअरमधून येतोय का तेही बघा. टोकावर घासल्याचे चरे असतील तर चकती लंगडत असेल, नवा सेन्सरही तसाच जाईल. कप्लरमध्ये तेल दिसलं तर आधी क्रँकचं ऑइल सील. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ त्या तेलात बसली की घट्ट लेप होतो आणि पिना नीट भिडत नाहीत.

नवा घेताना जुना दुकानात न्या. लांबी, फ्लँज, पिना ताडून बघा. लोकलमध्ये एखादा मिलिमीटर लांबीचा फरक निघतो आणि सगळा खेळ तेवढ्याचाच असतो. टोक आणि दात यांतलं अंतर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असतं. मी कंपनीचाच किंवा कंपनीला माल देणाऱ्याचाच घ्या म्हणेन. जागा पुसून घ्या, ओ-रिंगला इंजिन ऑइलचा थेंब, हाताने दाबून बसवा. हातोडी नाही, खाली वॉशर घालून अंतर वाढवणं नाही. बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर. फ्लँज प्लास्टिकचा, जास्त पिळला की तडकतो. वायर जुन्याच क्लिपांमधून न्या, सायलेन्सरच्या पाइपापासून आणि बेल्टपासून लांब. मग कोड पुसा. काही गाड्यांना स्कॅनरने क्रँकची री-लर्न (ईसीयूला चकतीची ओळख नव्याने शिकवणं) करावी लागते, नाही केली तर मिसिंगचा खोटा कोड येत राहतो.

आणि हो, क्लच किंवा फ्लायव्हीलचं काम झाल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर सेन्सरला हात लावण्याआधी चकती बघा. बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा असते, त्यातले २ मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा ईसीयूची खूण. एखादा दात वाकला तर मोजणी चुकते आणि पी०३३६ येतो.

शहादा_पिकअप

डिझेल कॉमन रेल पिकअपलाही हेच लागू का? गरम झाली का बंद पडस, थंडी व्हयनी का चालू व्हस.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

सेन्सरपुरतं हेच लागू, भो. स्कॅनरवर आरपीएमबरोबर रेल प्रेशरही (सगळ्या इंजेक्टरांच्या सामायिक पाइपातला डिझेलचा दाब) बघा. आरपीएम येतोय पण प्रेशर चढत नाही, तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरची गळती. एक मात्र करू नका: जुन्या डिझेलसारखा इंजेक्टरचा पाइप ढिला करून सेल्फ मारणं. कॉमन रेलमध्ये सेल्फ मारतानाच शेकडो बारचं प्रेशर असतं, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते.

पारोळा_रोड

दोघांचे आभार. सेन्सर दोन पिनांचा निघाला, बेल हाउसिंगवर. थंड असताना, सकाळी साधारण ३० अंशाला, ८८० ओहम. धुळ्यापर्यंत जाऊन आल्यावर गाडी उठेना तेव्हा लगेच मोजला, १०९० आणि स्थिर. बॉडीला काही नाही. सेल्फ मारताना सेन्सरवर ०.९ व्होल्ट एसी, स्कॅनरवर मात्र आरपीएम शून्य. बॅटरी १०.४. आता?

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

सेन्सर चांगला आहे दादा. ८८० चा ९५ अंशाला ११०० च्या आसपास जायलाच हवा, तसाच गेलाय. सिग्नल तयार होतोय पण ईसीयूपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे बहुतेक मधली वायर.

तुमच्या गाडीला बाहेरचं सीएनजी किट आहे, म्हणून आधी तिथे जा. किटच्या ईसीयूला आरपीएम लागतो. तो काही फिटर इग्निशन कॉइलवरून घेतात, काही क्रँक सेन्सरची वायर सोलून. टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर (गॅसवर ठिणगी लवकर पाडणारा डबा) लावला असेल तर क्रँकची वायर कापून तो मध्ये घातलेला असतो. नुसत्या टेपमध्ये पिळलेला जोड उन्हाने सैल होतो, डिंक वितळतो, तांबं हिरवं पडतं. गरम झालं की सुटतो, थंड झालं की पुन्हा चिकटतो. लक्षण तंतोतंत हेच.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेन्सरचा आणि ईसीयूचा कप्लर काढा, एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत मोजा. १ ओहमपेक्षा कमी यायला हवी. मोजत असताना हार्नेस हलवत राहा, जोडावर हेअर ड्रायर धरा. दोन वायरी एकमेकींना आणि बॉडीला लागत नाहीत तेही बघा. उंदरांनी कुरतडलेलं दिसलं तर तिथेच थांबू नका, एका जागी दात लावला असेल तर आणखी दोन जागी असतो.

पारोळा_रोड

सापडलं. एक वायर ०.४, दुसरी थंड असताना ३ ओहम आणि ड्रायर धरल्यावर उघडी. एअर फिल्टरखाली टेपचा जोड होता, किटची पातळ निळी वायर त्यातूनच निघालेली. टेप काढली तर तांबं काळंहिरवं. जोड कसा करू? आणि सेन्सर १ लाख १८ हजार चालला आहे, तर हाताबरोबर बदलून टाकू का?

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

काळं पडलेलं तांबं सगळं कापून टाका, चकचकीत तार दिसेपर्यंत. त्याच जाडीचा वायरीचा तुकडा मध्ये घ्या, सोल्डर करा आणि आतून डिंक असलेली हीटश्रिंक नळी चढवा. दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी आणू नका, तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा. वायरी जशा एकमेकींत पिळलेल्या होत्या तशाच पिळून ठेवा, नाहीतर अल्टरनेटर आणि कॉइलचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला अर्थ करायची. आणि दोन वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका. उलटी जोडली तर लाट उलटते, ईसीयूची खूण सरकते आणि गाडी उठत नाही किंवा फटाके मारते.

किटची वायर या जोडात परत घालू नका. फिटरला सांगून आरपीएम इग्निशन कॉइलवरून घ्या, किटच्या सेटिंगमध्ये तो बदल करावा लागतो.

सेन्सर राहू द्या. गरम असताना ०.९ व्होल्ट देतोय, टोक फुगलेलं किंवा तडकलेलं नाही, मग बदलायचं कारण नाही. ओ-रिंग कडक झाली असेल तर तेवढी नवी घाला. काम झाल्यावर भर दुपारी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटं उभी करा, मग सेल्फ मारा. असं लागोपाठ तीनदा उठली तरच कन्नड घाटाकडे न्या.