टाइम्सवाला रेमंड आधी आमदार की आधी पत्रकार?

निपाणीकर: न्यूयॉर्क टाइम्स काढणारा हेन्री रेमंड तिकडं आमदार पण होता म्हणे. पेपरच्या जोरावर निवडून आला काय? आपल्याकडं बेळगावात पेपर आणि राजकारण कधी वेगळं नव्हतंच म्हणा, म्हणून विचारतोय.

खानापूरचा_पावणा: नाही ओ, उलटं हाय. 1841 ला हॉरेस ग्रीलीच्या ट्रिब्यूनमध्ये लागला, मग दुसऱ्या पेपरात गेला, 1850 ला न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत आला आणि 1851 ला थेट सभापती, वय फक्त 31! टाइम्स निघाला त्याच वर्षी सप्टेंबरात, किंमत एक सेंट.

चिकोडी_एक्सप्रेस: खरी मजा 1854 ची. लेफ्टनंट गव्हर्नरची (तिकडं राज्यातलं दोन नंबरचं, निवडून यायचं पद) उमेदवारी ग्रीलीला पाहिजे होती, मिळाली कुणाला तर त्याच्याच जुन्या हाताखालच्या पोराला, रेमंडला, आणि तो निवडून पण आला. ग्रीली असला भडकला की त्यानं त्यांच्या पक्षाचा न्यूयॉर्कमधला बडा नेता सुअर्डला लांबलचक पत्र लिहून तुमची माझी भागीदारी संपली म्हणून कळवलं. तिकिटावरनं रुसवेफुगवे आपल्याकडंच असतात असं नाही बघा.

निपाणीकर: लई भारी! आणि पुढं?

खानापूरचा_पावणा: 1864 ला लिंकनच्या पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष, मग एकच टर्म काँग्रेसमध्ये. तिथं लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनची बाजू धरली, पक्षातले उखडले, पेपरचे वाचक पण तुटले. 1869 ला गेला, पन्नाशी पण नाही गाठली. माझ्या मते माणूस पेपरातच शोभत होता, दिल्लीछाप राजकारण त्याला झेपलं नाही.

चिकोडी_एक्सप्रेस: वॉशिंग्टनछाप म्हणा की ओ 😄