तितुलेस्कू कायद्यावर विसंबून बुडाला, की राजाने बुडवला?

खडूस वकील (धागाकर्ता):
दोन महायुद्धांमधल्या युरोपचा विषय निघाला की रुमानियाच्या निकोलाए तितुलेस्कूचं नाव हटकून आदराने घेतलं जातं. जन्म १८८२, क्रायोव्हाचा. पॅरिसला कायदा शिकला, मायदेशी येऊन प्राध्यापकी केली, मग खासदार, दोनदा अर्थमंत्री, लंडनला राजदूत आणि शेवटी परराष्ट्रमंत्री. राष्ट्रसंघाच्या (जिनिव्हातली लीग ऑफ नेशन्स) आमसभेचं अध्यक्षपद दोनदा (१९३० आणि १९३१) मिळालेला तो एकटाच.

माझं मत असं की हा गडी शेवटपर्यंत वकीलच राहिला. देशाच्या सीमेचा प्रश्न म्हणजे त्याला दिवाणी दावा वाटायचा. एकदा निकाल आपल्या बाजूने लागला की झालं. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या १९२० च्या ट्रियानों कराराने हंगेरीचा ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे आला, त्यावर याचीच सही. मग तो टिकवायला १९३३ ला चेकोस्लोव्हाकिया-युगोस्लाव्हियाबरोबर करार, १९३४ ला बाल्कन करार, कागदावर कागद. आणि १९४० च्या एका उन्हाळ्यात बेसाराबिया रशियाला, उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला, दक्षिण डोब्रुजा बल्गेरियाला. एवढे कागद होते, कामाला एकही आला नाही.

मांडवीकर:
साफ असहमत. कायद्यावर भाबडी श्रद्धा असणारा माणूस 'ऑप्टंट' प्रकरणात तसा वागला असता का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्या जमीनदारांनी हंगेरीचं नागरिकत्व पत्करलं, त्यांच्या जमिनी १९२१ च्या जमीन सुधारणेत गेल्या. आपल्याकडे कूळकायद्यात गेल्या तशाच, फक्त इथे जमीनदार परदेशी नागरिक होते आणि करारात त्यांच्या मालमत्तेला स्पष्ट संरक्षण होतं. तोच ट्रियानों करार, तीच तितुलेस्कूची सही! जमीनदार लवादाकडे गेले. १९२७ ला लवाद म्हणाला, हा खटला आमच्या कक्षेत येतो. रुमानियाने काय केलं? लवादातला आपला सदस्यच काढून घेतला. जिनिव्हात समोर हंगेरीचे म्हातारे काउंट अपोनी, पट्टीचे वक्ते, आणि इकडून तितुलेस्कू. ही जुगलबंदी वर्षानुवर्षं चालली. मिटलं १९३० ला, पैशांच्या तडजोडीने. कायदा हे त्याचं हत्यार होतं हो, देव नव्हे.

खडूस वकील:
तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. तारीख पे तारीख करून प्रतिपक्षाला दमवणं ही वकिलीच. अपोनींच्या बाबतीत ते जमलं. हिटलर दमणारा नव्हता.

नर्मदेतला गोटा:
मांडवीकरांशी सहमत, पण खरा मुद्दा मॉस्कोचा आहे आणि तो दोघांनीही सोडला. नुसते कागद पुरणार नाहीत हे त्याला पक्कं कळत होतं, म्हणून तर ज्या रशियाशी बेसाराबियावरून (आधीचा रशियाचाच प्रांत) वाकडं त्याच्याशीच १९३४ ला राजनैतिक संबंध जोडले. जुलै १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री लित्विनोव्हबरोबर परस्पर मदतीच्या कराराचा मसुदा तयार केला. त्यातली मेख बघा: रुमानियाने रीतसर बोलावल्याशिवाय सोव्हिएत फौजा नीस्टर नदी ओलांडणार नाहीत. बेसाराबिया नदीच्या अलीकडे. म्हणजे नाव न घेता सीमा कबूल करून घेतली.

पुढे महिनाभरात, २९ ऑगस्टला, रुमानियाचा राजा कॅरोलने गेम केली. तितुलेस्कू परदेशात. इकडे सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि लगेच जवळपास तेच मंत्रिमंडळ पुन्हा शपथ घेऊन बसलं, तितुलेस्कूला वगळून. तोंडावर 'जा' म्हणायची हिंमत नव्हती.

सरळ बोलतो:
रशियाचा मसुदा म्हणजे मास्टरस्ट्रोक? स्टालिनच्या फौजांना 'रीतसर बोलवायचं' आणि काम झालं की त्या मुकाट्याने घरी जाणार? पोलंडला विचारा. राजाचा हेतू शुद्ध नसेल, पण ती भीती खोटी नव्हती.

दुसरं, या माणसाला घरी पाया काय होता? त्याचा नेता ताके योनेस्कू १९२२ ला वारला, पक्ष विरून गेला, आणि हे साहेब वर्षातला मोठा काळ लंडन, जिनिव्हा नि दक्षिण फ्रान्समध्ये. गल्लीत कुत्रं ओळखत नसताना दिल्ली गाजवणारे आपल्याकडेही पाहिलेत. त्यांना काढायला एक सही पुरते.

कावेरी:
तितुलेस्कूने सही केलेला 'आक्रमणाची व्याख्या' ठरवणारा करार धागाकर्त्याने 'कागदावर कागद' म्हणत त्याच ढिगात जमा करायला नको होता. ३ जुलै १९३३ चा लंडन करार काढून वाचा. युद्ध पुकारणं, न पुकारता घुसणं, हल्ला, नौदलाची नाकेबंदी, आणि पाचवं कलम: आपल्या भूमीत तयार झालेल्या सशस्त्र टोळ्यांना शेजारी देशात घुसायला पाठबळ देणं. हेही आक्रमणच, आणि कुठलंही राजकीय वा आर्थिक कारण सबब म्हणून चालणार नाही. भारतातल्या वाचकाला या पाचव्या कलमाचं महत्त्व मी काय सांगावं! न्यूरेंबर्गच्या खटल्यात सरकारी वकील जॅक्सन यांनी याच कराराचा आधार घेतला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९७४ च्या व्याख्येतही टोळ्यांचं कलम आहे.

सरळ बोलतो:
त्या करारावर सही करणारा दुसरा बडा गडी सोव्हिएत रशिया. १९३९ ला फिनलंड. १९४० ला बेसाराबिया. बास.

कावेरी:
चोराने कायदा मोडला म्हणून कायदा लिहिणारा मूर्ख ठरतो का?

मांडवीकर:
आणि वकिली थंडपणाच म्हणायचा, तर ३० जून १९३६ आठवा. इटलीने गिळलेल्या इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे बोलायला उभे राहिले, इटालियन पत्रकारांनी गॅलरीतून शिट्ट्या मारल्या. तितुलेस्कू ताडकन उठून ओरडला, 'या रानट्यांना बाहेर काढा!' मुसोलिनी हे विसरणार होता थोडाच.

खडूस वकील:
प्रसंग भारी, शंका नाही. पण इथिओपियाच्या युद्धात इटलीला जाणाऱ्या तेलात रुमानियाचं तेलही होतं, तेही सांगा की.

मांडवीकर:
सांगतो. सगळे थांबवत असतील तर आम्हीही तेल थांबवू, असं रुमानियाने कळवलं होतं. थांबवलं नाही ते लंडन-पॅरिसने. आता तेही याच्याच खात्यावर मांडायचं असेल तर मांडा.