मॉन्स्टेरा: जुलैत खालची पानं पिवळी, नव्या पानाला एकही चीर नाही

फोंडा_गॅलरी
मॉन्स्टेरा डेलिसिओसा (मोठ्या, चिरा पडलेल्या पानांचं शोभेचं झाड), दहा इंची प्लास्टिकची कुंडी. माती नर्सरीतून आली तीच, म्हणजे तांबडी माती आणि शेणखत. झाड हॉलमध्ये, पूर्वेच्या खिडकीपासून साधारण आठ फुटांवर. पाणी दिवसाआड एक तांब्या. मे महिन्यात ठणठणीत होतं. पाऊस लागल्यापासून खालची दोन पानं पिवळी पडली. एका पानावर काळपट ओला डाग, भोवती पिवळी कड. नवं पान आलं ते लहान आणि अखंड. कुंडीवर बारीक काळ्या माश्या घोंगावतात. खत कमी पडतंय का? आणि कुंडी बदलायची तर चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत थांबू की आत्ताच?

डिचोलीकर
खत अजिबात घालू नका, आणि चवथीची वाट पाहू नका. यातली बहुतेक लक्षणं मुळांना हवा न मिळाल्याची आहेत.

जुलैत घरातली हवा इतकी दमट असते की कुंडीतलं पाणी उडतच नाही. त्यात आभाळ भरलेलं, उजेड कमी, म्हणून झाडही पाणी कमी ओढतं. मे महिन्यात जो तांब्या पुरत नसतो, तोच आता मुळं कुजवतो. तांबडी माती कुंडीत दोन-चार महिन्यांत दबून घट्ट बसते, मधल्या पोकळ्या बुजतात. हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलातलं, झाडांच्या खोडांवर चढणारं. त्याच्या मुळांना पालापाचोळ्याची भुसभुशीत जागा लागते, चिखल सोसत नाही. त्या माश्यांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या वरच्या मातीत वाढतात, म्हणजे कुंडी मधे कधी सुकतच नाहीये.

आजच झाड बाहेर काढा. कुंडी आडवी धरून कडा दाबा, खोड ओढू नका. माती पाण्याच्या धारेखाली धुऊन टाका. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. शंका असेल ते मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा: साल सुटून हातात आली, आत दोऱ्यासारखा तंतू उरला आणि कुबट वास आला, तर ते गेलं. तेवढं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने टणक भागापर्यंत कापा. मुळांवर दालचिनीची पूड लावायचा सल्ला फिरतो, तो ऐकू नका. ती चांगली मुळंही सुकवते.

नवं मिश्रण: नारळाच्या सोडणाचे (वरच्या काथ्याच्या सालीचे) अर्धा-पाऊण इंची तुकडे २ भाग, कोकोपीट (काथ्याचा भुसा) १ भाग, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) १ भाग, लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे अर्धा भाग, गांडूळखत अर्धा भाग. सोडण आणि कोकोपीट आधी रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, असं तीन वेळा. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात मीठ राहतं आणि पानांची टोकं जाळतं. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये.

त्यानंतर वार ठरवून पाणी घालणं बंद. बांबूची काडी दोन इंच आत खुपसा, कोरडी निघाली तरच पाणी. द्याल तेव्हा भोकांतून वाहेपर्यंत द्या आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात फेका.

मडगाव_पानवेल
मुळांबद्दल वर आलंच आहे. पण नवं पान अखंड येतंय त्याचं मुख्य कारण उजेड. आठ फुटांवर खिडकीजवळच्या उजेडाचा लहानसा अंशच पोचतो. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची बोटं वेगवेगळी ओळखता येत नसतील तर ती जागा या झाडाची नाही.

खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणा. पूर्वेचं सकाळचं ऊन चालतं. पश्चिमेची खिडकी असती तर एप्रिल-मेमध्ये पातळ पडदा लागला असता. हलवणं शक्यच नसेल तर २० वॅटचा पांढरा एलईडी पानांपासून फूट-दीड फुटावर, रोज १२ तास.

उघडलेल्या पानाला नंतर चिरा पडत नाहीत, तेव्हा पुढच्या पानांवर लक्ष ठेवा. आधारही द्या: दोन इंची पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून. ज्या बाजूने हवेतली मुळं निघतात ती बाजू पाइपला लावा आणि बांधताना खोड बांधा, पानाचा देठ नाही. चढायला मिळालं की पानं मोठी होतात.

फोंडा_गॅलरी
झाड काढलं. निम्म्याहून जास्त मुळं तपकिरी, साल हातात येते. दहा इंचीच कुंडी वापरू का? आणि तळाशी चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) तुकडे घालतात, ते हवेत ना?

डिचोलीकर
दहा इंची नको. उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दीड-दोन इंच मोठी, बहुधा सहा इंची पुरेल. मोठ्या कुंडीत मुळं नसलेला भाग ओलाच राहतो आणि कुज परत सुरू होते. मातीची कुंडी घ्या, ती बाजूनेही सुकते.

चिऱ्याच्या तुकड्यांचा थर घालू नका, याबाबतीत मी ठाम आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओली पातळी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की झालं.

निम्मी मुळं गेलीत तर एक कांडं जपून ठेवा. डोळा (जिथून नवा फुटवा येतो ती जागा) आणि हवेतलं मूळ असलेला खोडाचा तुकडा, एका पानासकट, पाण्याच्या बाटलीत उजेडात ठेवा. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. मूळ झाड दगावलं तरी यातून नवं होईल.

पर्वरी_अळू
डागाचं राहिलं. ओला काळपट डाग आणि पिवळी कड हे बहुतेक जिवाणूंचं काम. ते पान देठापासून कापून कचऱ्यात टाका, झाडाखाली नको. पानांवर पाणी फवारत असाल तर पावसाळाभर थांबवा, दमटपणा आहेच. पंखा मंद ठेवा, हवा खेळली पाहिजे. उन्हाने भाजलेला डाग वेगळा दिसतो: फिकट, कोरडा, कागदासारखा.

कापताना हातमोजे घाला. हे तेऱ्या-अळूच्याच कुळातलं, चीक लागला की तशीच खाज येते. घरात मांजर-कुत्रं असेल तर कापलेले तुकडे उघड्यावर ठेवू नका. चावल्यास तोंड सुजतं.

खत नवं पान पूर्ण उघडल्यावरच, आणि तेही पाऊस ओसरून उजेड वाढल्यावर: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, ओल्या मिश्रणावर.