नासो टँग ४ फुटी टाकीत चालेल का?

खारंपाणी:
नमस्कार मंडळी, माझी समुद्री माशांची टाकी १२० × ५० × ५० सेंमी आहे, म्हणजे ३०० लिटर, वर्षभर व्यवस्थित चालू आहे, आत क्लाउनफिशची जोडी, थोडे सॉफ्ट कोरल, गोगलगायी आणि कोळंबी. दुकानात नासो टँग या समुद्री माशाचं पिल्लू बघितलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. दुकानदार म्हणतो मासा टाकीच्या मापानेच वाढतो. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) दुप्पट क्षमतेचा आहे. घेऊ का? आणि क्वारंटाइन (नवीन मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणं) लागतंच का, की थेट सोडला तरी चालतं?

प्रवाळवेडा:
भाऊ, नको घेऊस. स्किमरने पाणी चांगलं राहील, पण इथे अडचण पाण्याची नाही, लांबीची आहे. नासो समुद्रात ४५ सेंमीपर्यंत वाढतो आणि तुझी टाकी ५० सेंमी रुंद, त्यात तेवढ्या माशाला नीट वळता तरी येईल का? हा मासा खडकाआड बसून राहणारा नाही, शेवाळ खात दिवसभर लांबलांब पोहत असतो. आणि ते मापाने वाढतो वगैरे अजिबात खरं नाही, छोट्या टाकीत वाढ खुंटली तर ती त्रासामुळे खुंटते, मासा सुखात असतो म्हणून नाही. नासोला ६ फूट म्हणजे अगदी किमान, ८ असेल तर बरं. व्लामिंगी हा दुसरा नासो तर ६० सेंमीपर्यंत जातो, तो घरात नकोच. नीट सांभाळला तर टँग वीस वर्षांहून जास्त जगू शकतो, तेव्हा आजचं पिल्लू बघून ठरवू नकोस.

निळीरीफ:
वरच्याशी सहमत. क्वारंटाइनचं मात्र कुठलाही टँग घेतलात तरी टाळू नका, परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यांना फार पटकन होतो. तो परजीवी माशावरून गळून वाळूत, खडकावर गाठ करून बसतो आणि तिथून पुन्हा ढिगाने पिल्लं सुटतात, त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असं समजू नका. औषध तांब्याचं, आणि ते मेन टाकीत घातलं की कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं, म्हणून वेगळी टाकी आधीच तयार पाहिजे. तांबं टेस्ट किटने मोजूनच, अंदाजाने नाही. हा परजीवी एकदा का मेन टाकीत शिरला की सगळे मासे काढून ती ७६ दिवस माशांविना ठेवायला सांगतात, कोण करणार एवढं!
अजून एक, जाळीने पकडू नका. नासोच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना दोन-दोन पक्के काटे असतात, बाकी बऱ्याच टँगना एकेक मिटणारं पातं. जाळीत अडकून मासा जखमी होतो, आपला हातही कापतो. प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या.

खारंपाणी:
मोठ्या टाकीला जागाच नाही हो. मग ४ फुटात टँगचं नावच नको का?

प्रवाळवेडा:
तसं नाही, टोमिनी किंवा कोले बघ, दोन्ही साधारण १५ ते १८ सेंमीचे, खडकावरचा बारीक थर खरवडत फिरतात, पण दोन्हीपैकी एकच. खडक असे रच की पुढे पोहायला सलग जागा राहील. बाकी मासे आधी सोड, टँग शेवटी, नाहीतर टाकी आपलीच समजून नवीन माशाला मारतो. नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) रोज क्लिपला लाव, बिनमीठमसाल्याची. दुकानात तो खाताना दिसला तरच घे, पोट आत गेलेला असेल तर नको.