मोटरसायकल अपघातात थोडी चूक माझीही असेल, तर भरपाईचा हक्क किती उरतो?

प्रश्न – दुचाकीस्वार

पाच आठवड्यांपूर्वी मी मोटरसायकलने सरळ रस्त्याने जात होतो आणि माझी बहीण मागे बसली होती. समोरून येणारी एक मोटार दिवा न दाखवता आमच्या मार्गिकेला छेदून बाजूच्या रस्त्यावर वळली. अंतर जेमतेम वीस मीटर असेल. मी पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि हँडल वळवले. पुढचे चाक सुटले आणि आम्ही मोटारीच्या मागच्या दारावर आदळलो. माझे मनगट मोडले आणि बहिणीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. माझे हेल्मेट होते, पट्टाही लावलेला होता. बहिणीने मात्र हेल्मेट घातले नव्हते.

त्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे आणि मी ६० च्या आसपास होतो, हे मी जबाबात खरेपणाने सांगितले. आता मोटारचालकाची विमा कंपनी लेखी कळवते की अपघातात निम्मी चूक माझी आहे: वेग जास्त होता, ब्रेक चुकीच्या रीतीने लावला आणि मागच्या व्यक्तीला हेल्मेट नव्हते. निम्मी रक्कम स्वीकारून तडजोडीच्या कागदावर सही करा, असे त्यांचे म्हणणे आहे. माझी चूक मला नाकारायची नाही, पण ती निम्मी कशी ठरते हे मला समजत नाही. एखाद्या देशाच्या कलमांपेक्षा यामागचे तत्त्व कोणी नीट उलगडून सांगेल का?

उत्तर – न्यायवाट

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. विमा कंपनीने कळवलेले ‘निम्मे’ हा निवाडा नव्हे, तो तिने मांडलेला भाव आहे. कोणाची चूक किती टक्के हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा असतो, आणि तुमची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार सामान्यतः तसे म्हणणाऱ्यावर असतो.

जखमी झालेल्याची स्वतःचीही चूक अपघाताला किंवा इजेला हातभार लावते, तेव्हा त्याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि या तत्त्वाच्या मुळाशीही एक स्वारच आहे. इंग्लंडमध्ये १८०९ साली घोड्यावरून भरधाव जाणारा एक माणूस रस्त्यात आडव्या ठेवलेल्या खांबावर आदळला. खांब ठेवणे चूकच होते, पण स्वाराने काळजी घेतली असती तर तो दिसला असता, म्हणून त्याला काहीच मिळाले नाही. स्वतःची थोडीशी चूकही संपूर्ण हक्क बुडवते, हा कठोर नियम पुढे शतकाहून अधिक काळ टिकला. १९४५ च्या कायद्याने इंग्लंडने तो मोडला आणि ज्याची जितकी चूक तितक्या प्रमाणात भरपाई कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली विभागणीचे तत्त्व स्वीकारले, आणि तो खटला तुमच्या अपघाताशी बराच मिळताजुळता होता: एक मोटार समोरच्या मार्गिका छेदून वळत होती आणि समोरून टॅक्सी वेगात आली. तिथे ऐंशी टक्के चूक असलेल्यालाही उरलेले वीस टक्के मागता येतात. अनेक राज्यांत मात्र आपली चूक निम्म्याहून जास्त ठरली की हक्कच संपतो. काही राज्यांत तर नेमकी निम्मी चूकही हक्क संपवते, म्हणून ‘निम्मे’ हा शब्द तिथे निरुपद्रवी नसतो. अलाबामा, मेरीलँड, उत्तर कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांत तर १८०९ चा जुना नियमच अजून मुख्यतः चालतो. भारतातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे प्रमाणानुसार कपात करतात.

आता कंपनीच्या तीन मुद्द्यांकडे वळू. कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो: नियम मोडला का, आणि त्या मोडण्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली का. विमा कंपन्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर थांबतात. तुम्ही त्यांना दुसऱ्यावर आणले पाहिजे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मोहम्मद सिद्दिकी खटल्यात हेच स्पष्ट केले. मोटरसायकलवर तिघे बसले होते, म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के कपात केली होती. तिघे बसणे नियमभंग असला तरी त्याचा अपघाताशी कार्यकारणसंबंध दाखवला गेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

बहिणीच्या हेल्मेटचा मुद्दा याच कसोटीवर कोसळतो. हेल्मेट डोके वाचवते, गुडघा नाही. डोक्याला इजा झाली असती तर गोष्ट वेगळी होती; हेल्मेट नसलेल्या एका मोपेडस्वाराची भरपाई इंग्लंडमधील अपील न्यायालयाने पंधरा टक्क्यांनी कमी केली होती. मोटारीतल्या सीटबेल्टबाबत तेच न्यायालय पुढे नेमके बोलले: सीटबेल्टने इजा पूर्ण टळली असती तर पंचवीस टक्के कपात, कमी झाली असती तर पंधरा, आणि काहीच फरक पडला नसता तर शून्य.

उत्तर – मोजपट्टी

मी अपघातांच्या तांत्रिक तपासणीचे काम करतो, म्हणून वेगाबद्दल लिहितो. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते आणि ५० च्या वेगाने १४ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत निदान एक सेकंद जातोच. म्हणजे २० मीटरपैकी ब्रेकसाठी तुम्हाला ३ मीटर उरले; मर्यादेत असता तर ६ उरले असते. कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगातून थांबायला जोरदार ब्रेक लावूनही सुमारे १४ मीटर लागतात. थोडक्यात, धडक दोन्ही वेगांत झालीच असती. मात्र प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: कमी वेगात धडक बरीच सौम्य झाली असती, त्यामुळे इजेच्या तीव्रतेपुरता तुमच्या चुकीचा काही वाटा न्यायालय धरू शकते. निम्मा धरणे मला अवाजवी वाटते.

हे सगळे त्या वीस मीटरवर उभे आहे, आणि तो आकडा सध्या फक्त तुमच्या आठवणीत आहे. रस्त्यावर टायरचा काळा पट्टा उमटला होता का? तो तीनेक मीटरचा असेल तर तुमच्या सांगण्याशी जुळतो. पंचनाम्यात त्याची लांबी लिहिली आहे का ते पाहा आणि त्या दिवसाची छायाचित्रे गोळा करा. आसपासच्या कॅमेऱ्यांचे चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते, पाच आठवडे गेले आहेत, तेव्हा आजच लेखी मागणी करा. आणि मोटरसायकल दुरुस्तीला टाकू नका. वाकलेली तरफ, टाकीवर एकाच बाजूला उठलेले ओरखडे, दाराचा रंग लागलेली पायपट्टी, यांवरून गाडी कोणत्या कोनात आदळली हे माझ्यासारखा माणूस वाचू शकतो. एकदा भाग बदलले की तो पुरावा कायमचा जातो.

उत्तर – न्यायवाट

ब्रेकचा मुद्दा माझ्याकडून राहिला. दुसऱ्याच्या चुकीने अचानक ओढवलेल्या संकटात माणसाने क्षणार्धात घेतलेला निर्णय नंतर शांतपणे बसून तोलायचा नसतो, हे तत्त्व जुने आहे. १८७८ साली थेम्स नदीवर दोन जहाजांची टक्कर होऊन सहाशेहून अधिक लोक बुडाले. एका जहाजाच्या चालकाने शेवटच्या घटकेला सुकाणू चुकीच्या दिशेला वळवले होते, तरी संकट समोरच्याने निर्माण केले होते म्हणून पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने त्याला दोषी धरले नाही. तुमचे चाक सुटले ते तशाच क्षणी.

प्रश्नकर्ता – दुचाकीस्वार

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीबद्दल एक शंका उरते. माझ्या चुकीमुळे तिची भरपाईही कापली जाईल का? मला माझ्या रकमेपेक्षा तिच्या गुडघ्याची काळजी जास्त आहे, कारण तिचे काम दिवसभर उभे राहण्याचे आहे.

उत्तर – न्यायवाट

सामान्य नियमाने चालकाची चूक मागे बसणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. तिच्या दृष्टीने दोन चालकांच्या चुकीतून एक अपघात झाला. भारतीय कायद्यात याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निवाड्यानुसार अशी व्यक्ती दोहोंपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते. दोघांनी आपसात काय वाटून घ्यायचे तो त्यांचा प्रश्न. तिच्या दाव्यात तुमचेही नाव आले तर मन दुखवून घेऊ नका. मात्र तुमच्या विमापत्रात मागे बसणाऱ्याला संरक्षण आहे का हे आधी तपासा, कारण किमान सक्तीच्या विम्यात ते नेहमीच असते असे नाही.

तिचा दावा स्वतंत्र ठेवा. कंपनीने दिलेल्या कागदात ‘सर्व दावे निकाली’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्यात तिचे नाव घातले आहे का ते शब्दन् शब्द वाचा. गुडघा कितपत बरा होतो हे सर्जन लिहून देईपर्यंत तिने कशावरही सही करू नये. उभे राहण्याची क्षमता गेल्याने तिच्या कमाईवर होणारा परिणाम हा भरपाईचा वेगळा आणि बहुधा सर्वांत मोठा भाग असतो. वाट पाहताना दाव्याची मुदत मात्र सुटू देऊ नका: इंग्लंडमध्ये ती साधारण ३ वर्षे आहे, तर भारतात २०१९ च्या दुरुस्तीने ६ महिन्यांची घातली. तुमचे पाच आठवडे त्यातूनच गेले आहेत.

प्रश्नकर्ता – दुचाकीस्वार

कागद पुन्हा वाचला. तिसऱ्या परिच्छेदात ‘आणि सहप्रवासी’ असे शब्द आहेत. सही केलेली नाही. चित्रणाची मागणी आज लिहून पाठवली आणि गाडी गॅरेजमधून तशीच परत आणली.